अरुंद अक्षर

पत्रा नऊ इंच उंच, साडेतीन फूट लांब.
त्यावर लिहायचं त्र्यंबकेश्वर,
आणि खाली मावलं तर, मार्गे सातपूर.

तुळशीराम बेंडकुळे पेंटर
डेपोमागच्या शेडमध्ये मांडी घालून
खडूनं दोन रेघा आखायचे, एक डोक्याची, एक पायांची,
आणि म्हणायचे, "चला, आता सगळ्यांनी पोट आत घ्या."
हे अक्षरांना होतं.
मी आठवीत होते, डबा घेऊन आलेली.
मीही घ्यायचे.

शेपूट नाही, टोकाला नखरा नाही.
काना म्हणजे काना, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा,
दारात उभ्या कंडक्टरसारखा.
अक्षर जाड करत गेलं की आधी पोटं बुजतात,
ब च्या पोटातली तिरकी रेघ रंगात बुडते,
लांबून ब चा व होतो,
आणि माणूस भलत्याच गावी उतरतो.
म्हणून ते ब्रशचं टोक चोखून
पोटात तांदळाएवढा उजेड ठेवायचे.
"एवढा पुरतो," म्हणायचे, "पण एवढा पाहिजेच."

आता माझ्याकडे पडदा आहे,
बिंदू आणि बिंदूंना लावलेले दांडे.
द्वारकेचा फ्लेक्सवाला मयूर गायखे मला हसतो.
"ताई, दोन वर्षं काय कोरत बसलीस?
हे बघ." साधं अक्षर कोपऱ्यात पकडून
तो माउसनं आत ढकलतो.
मावतं.
पण काने वाळतात, आडव्या रेघा तशाच जाड राहतात,
माणूस खंगलाय आणि सदरा जुन्याच मापाचा.
दाबून अक्षर अरुंद होत नाही, मयूर,
दबतं.
अरुंद असायला
त्याला अरुंदच जन्मावं लागतं.

मग माझं अक्षर फिरायला लागलं.
पिंपळगावच्या द्राक्षपेटीच्या कडेवर
'नाजूक माल, उलटी ठेवू नये'.
कांद्याच्या ट्रकमागे, मालकाच्या तिन्ही पोरांची नावं एका ओळीत.
शालिमारला एका भिंतीवर, जे लिहिलंय ते इथे सांगत नाही,
पण तिथे आता कुणी उभं राहत नाही.
घाटावर 'पाणी खोल आहे'.
ही पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा
मी ख आणि ल मधलं अंतर तपासत राहिले,
आणि शेजारी एक बाप
मुलाला दंडाला धरून पायरीवर मागे ओढत होता.
लग्नपत्रिकेवर कुणी लावलं नाही. बरोबरच आहे.
हा पंगतीत वाढणाऱ्याचा आवाज,
मंगलाष्टकांचा नाही.

गेल्या महिन्यात बसच्या पाट्यांचं काम आलं.
त्र्यंबकेश्वर बसलं, उभ्या रेघांची दाटी,
पण प्रत्येकीला श्वास.
पेठ मात्र दोनच अक्षरं.
साडेतीन फुटांवर एकटी, मधोमध,
दोन्हीकडे नुसता पिवळा पत्रा.
ओकंबोकं दिसतं म्हणून
मी ती रुंद करायला घेतली.

जुन्या सीबीएसवर माप घ्यायला गेले तेव्हा
करवंदांची पाटी उतरवून एक बाई थांबलेली.
बस वळली, आणि पाटी वाचण्याइतकी जवळ येण्याआधीच
ती उठली.
"मावशी, वाचता येतं इतक्या लांबून?"
"वाचाया येत न्हाई," म्हणाली,
"गर्दी दिसली की त्र्यंबक.
लई पत्रा दिसला की आमचं पेठ."

रात्री फाइल उघडली.
पेठ पुन्हा अरुंद केलं,
रिकाम्या पत्र्याला हात लावला नाही.
बेंडकुळे काका असते तर विचारलं असतं
की हे त्यांना ठाऊक होतं,
की त्यांनाही नुसती रंगाची बचत करायची होती.

ठ अजून जमत नाहीये.
गोल अक्षर, त्याला पोट आत घे म्हटलं
तर अंड्यासारखं होतं, नाहीतर डोळ्यासारखं.
सकाळी बघू.
उजेड तेवढा ठेवलाय आत,
तांदळाएवढा.